नॉर्वेवाला अजून खालीच आहे

“अरे, बोल ना काहीतरी! मूग गिळून बसलास होय तिकडे?” ताई ओरडत होती. “कावळा समोर बसलाय नि पिंडाकडे ढुंकून बघत नाहीये. एकदा म्हण तू, मी येतो म्हणून! तुझ्यासाठीच अडलीय ती!”

ताई नागपूरला घाटावर. मी अ‍ॅरिझोनात, चँडलरच्या घराच्या मागच्या पॅटिओवर, फोन केचपच्या बाटलीला टेकवून बसलेला. तिच्याकडे सकाळचे आठ, माझ्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. म्हणजे तिकडे आईचा दहावा उजाडला होता आणि इकडे नववा अजून संपायचा होता. माझ्या वाट्याला आईचा एक दिवस जास्तीचा आला होता, आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

स्क्रीनवर बाभळीची एक फांदी, त्यावर तो कावळा, आणि कोपऱ्यात भाऊजींचा अंगठा. भाऊजींच्या हातात फोन दिला की त्यांचा अंगठा प्रत्येक दृश्यात असतोच. अग्नी ताईनं दिला होता, पिंडही तिनंच ठेवला होता. नातेवाईक एकेक करून पुढे येऊन हात जोडत होते. “काकू, घराची काळजी करू नका.” “मावशी, तुमची तुळस मी नेते.” एकीनं तर आईच्या मिक्सरचीही जबाबदारी घेतली. कावळा मान वाकडी करून सगळ्यांचं ऐकत होता, पोटनिवडणुकीतल्या मतदारासारखा.

“बोल रे!” ताई.

आता माझ्याबद्दल सांगायचं तर आख्ख्या फिनिक्स परिसरात माझ्याएवढ्या थापा मारणारा मराठी माणूस सापडणार नाही. इथल्या उन्हात गाडीच्या टपावर मी पोह्याचे पापड तळलेत, तेही तेल न घालता. माझ्या अंगणातल्या निवडुंगानं एकदा चोर धरून ठेवला होता, पोलीस येईपर्यंत सोडला नाही. हे सगळं मी शपथेवर सांगतो आणि लोक पुन्हा जेवायला बोलावतात. पण त्या संध्याकाळी ‘मी येतो’ एवढे दोन शब्द माझ्या तोंडातून निघेनात. व्हिसाचा अर्ज अडकलेला होता. देश सोडला तर परत आत येता येईल का, असं वकिलाला विचारलं तर तो फक्त म्हणायचा, “मी तुमच्या जागी असतो तर गेलो नसतो.” तो माझ्या जागी नव्हता, हे त्याला पक्कं माहीत होतं.

शिवाय आई कशासाठी अडलीय ते मला ठाऊक होतं. माझ्या येण्यासाठी नाही. ती अडली होती एका नॉर्वेजियन माणसासाठी.

तो माणूस अठराव्या शतकातला. खाण इंजिनियर. माझ्याकडे तो खोक्यातून आला. मी नागपूरला मायनिंगची पदवी घेतली, पुढचं शिकायला अ‍ॅरिझोनात आलो, कारण इथं तांब्याच्या खाणी. आणि गेली कित्येक वर्षं एका ऑफिसात बसून कॉम्प्युटरवर खाणींमधली हवा खेळवतो. कुठल्या बोगद्यात पंखा लावायचा, कुठलं दार बंद ठेवायचं, असलं काम. ज्या खाणींना मी श्वास पुरवतो त्यांतल्या एकीतही मी उतरलेलो नाही. ऑफिसातला एक म्हातारा सहकारी निवृत्त झाला तेव्हा जुन्या पुस्तकांचं खोकं माझ्या टेबलावर ठेवून गेला. त्यातल्या एका जाडजूड पुस्तकात हा गृहस्थ होता. सगळा मिळून दोन-तीन पानांचा. नाव असं, की ते उच्चारताना जिभेला पीळ पडावा.

मी दर रविवारी आईला फोन करायचो. बोलायला काय असतं? जेवलास का, जेवलीस का, गुडघा कसा आहे. एका रविवारी विषय संपले आणि मी म्हटलं, “आई, तुला एका खाणवाल्याची गोष्ट सांगू?”

“कोळशाच्या?”

“चांदीच्या.”

“सांग,” ती म्हणाली. मग लगेच, “थांब. खाणीत मेला का तो?”

“नाही. म्हातारा होऊन, अंथरुणात.”

“मग सांग.”

आमचे बाबा कोळसा खाणीत ओव्हरमन होते, म्हणजे पाळीवरचे मुकादम, रोज खाली उतरणारे. आम्ही वाढलो कॉलनीत. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की आई गॅस बारीक करायची आणि बाबांची सायकल फाटकाला लागेपर्यंत मोठा करायची नाही. बाबा आयुष्यभर रोज वर आले. गेले ते निवृत्तीनंतर, घरी, चहा पिताना. तरीही भोंग्यासारखं काही वाजलं की आईचा हात गॅसच्या बटणाकडे जायचा. चँडलरला आली होती तेव्हा शेजारच्यांच्या स्मोक अलार्मनंसुद्धा गेला होता.

तर नॉर्वेवाला. पाद्र्याचा मुलगा. बापाला वाटायचं, पोरानं वरच्याकडे बघावं. पोरगं बघायचं खाली. त्या काळी नॉर्वेवर राज्य डेन्मार्कच्या राजाचं, डोंगर नॉर्वेचे, चांदी राजाची, आणि खाणीत बोलायची ती जर्मन, कारण कसबी लोक तिथून आणलेले. “म्हणजे तुमच्या आयटीसारखंच की,” आई म्हणाली. खाणकाम शिकवायची शाळा निघाली होती, त्यात हा शिकला. हातात होकायंत्र आणि साखळी घेऊन अंधार मोजायचा आणि वर येऊन त्याचा नकाशा काढायचा. कातळ फोडायची रीत अशी, की भिंतीशी लाकडं रचायची आणि पेटवून द्यायची. कातळ तापून तडकायचा, मग धूर गेल्यावर लोकांनी जाऊन हातोड्यानं पाडायचा. आख्खी जंगलं त्या भोकात गेली. पुढे सुरुंगाची दारू आली.

इथवरचं पुस्तकातलं. बाकीचं मी पुरवलं.

मी सांगितलं की तिकडे हिवाळा इतका कडक, की खाणीच्या आत उबदार म्हणून त्यानं आपली गाय खाली नेऊन ठेवली, आणि चार महिन्यांत तिचं दूध असं चंदेरी झालं की पाद्र्याच्या बायकोनं त्यात तोंड बघून वेणी घातली.

“बाप्पा!” आई म्हणाली. पलीकडे मेथी निवडल्याचा आवाज येत होता. “गाय शिडीवरून उतरवली कशी रे?”

“उलटी.”

“आणि धार कोण काढायचं?”

“तोच. मोजमाप झालं की.”

“मग खरं असेल,” असं म्हणून तिनं मेथीची पुढची जुडी घेतली. माझी आई काही भोळी नव्हती. माझ्या थापांना ती दुकानदाराला विचारावेत तसे प्रश्न विचारायची. माल पटला नाही तरी भाव विचारायची.

अट एकच. रविवारचा फोन ठेवताना तो माणूस जमिनीवर असला पाहिजे. “आधी त्याला वर आण, मग ठेव,” म्हणायची. जेवण तयार असो, पोरीचा पोहण्याचा क्लास असो, मी त्याला शिडीनं वर आणायचो, टोपी झटकायला लावायचो, आणि मगच फोन ठेवायचा. शिड्या फार होत्या. कधी मी घाईघाईत त्याला बादलीत बसवून ओढून काढायचो. आईला ते आवडायचं नाही. “दोर जुना असला म्हणजे? चढू दे त्याला.”

असा तो वर्षभर चालला. त्याला मी सरकारी खर्चानं जर्मनीतल्या खाणी बघायला पाठवला, हे खरंच पुस्तकात होतं. परत आल्यावर त्यानं पंप बसवले. ओढा डोंगरापलीकडे, पाणी भरतंय ते खाणीच्या तळाशी. मग ओढ्यावर मोठं चाक, आणि तिथून खाणीपर्यंत लाकडी दांड्यांची रांग, एकमेकींना जोडलेली, डोंगरभर पुढे-मागे हलणारी, त्या हालचालीनं खाली पंप चालायचा. हेही खरं. त्या दांड्यांच्या कुरकुरीवर अख्ख्या गावची पोरं झोपायची आणि चाक थांबलं की गावभर रडं सुरू व्हायचं, हे माझं.

शेवटच्या रविवारी ओढा गोठला होता. चाक थांबलं होतं, तळाशी पाणी चढत होतं, आणि तो दोन मेणबत्त्या घेऊन किती चढलंय ते बघायला खाली गेला होता. गुडघ्याएवढ्या पाण्यात होता तो, आणि आमच्या दारावरची बेल वाजली. जेवायला बोलावलेली मंडळी आली होती.

“आई, ठेवतो. पुढच्या रविवारी.”

“अरे, पाण्यात ठेवून चाललास त्याला?”

“आई, तो केव्हाच मेलाय गं.”

“मेला असेल. वर येऊन मेला ना?”

“हो हो, पुढच्या रविवारी आणतो,” मी म्हटलं आणि दार उघडायला गेलो. त्या रात्री श्रीखंड चांगलं झालं होतं.

आई बुधवारी दुपारी झोपेत गेली.

मला काही झालं नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. एरवी सगळं फुशारकीनंच सांगतो. भाऊजींचा फोन आला, मी “बरं” म्हणालो आणि त्यांना गाडीभाड्याचं विचारलं. कुठल्या गाडीचं, ते मलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊन एका खाणीतला पंखा हलवला. दाताच्या डॉक्टरनं भूल दिल्यावर गाल असतो तसा मी सगळाच्या सगळा होतो. जागेवर होतो, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटावा.

लोक समाचाराला येऊ लागले. इथले लोक चांगले. कुणी खिचडी आणली, कुणी वरण-भात, कुणी बिनफोडणीची भाजी डब्यात घालून. येऊन सोफ्यावर बसायचे आणि हळू आवाजात विचारायचे, “कसं झालं हो?” आणि मी तोंड उघडलं की नॉर्वे बाहेर पडायचं. आईबद्दल बोलायला जायचो आणि सांगायचो की त्या खाणीत चांदी दगडातून केसांसारखी उगवलेली सापडायची, तारांच्या जुड्याच्या जुड्या. की खोलवर बारा महिने हवा सारखीच, वर उन्हाळा असो की बर्फ. की म्हातारपणी तो मोठा अधिकारी झाला आणि त्यानं राजाला कळवलं, ही खाण तोट्यात आहे. आणि राजानं उत्तर दिलं नाही. एक पुण्याचे गृहस्थ तासभर ऐकून म्हणाले, “म्हणजे हे तुमच्या आईंचे कोण?” बायको त्यांना दारापर्यंत सोडायला गेली तेव्हा मी ऐकलं, ती म्हणत होती, “त्याचं सध्या असंच चाललंय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

दहाव्याला, म्हणजे नवव्याला, शेजारच्या काकू आल्या. मुलीकडे सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या. त्यांनी आल्या आल्या भात मागितला, त्याचा गोळा केला, तीळ लावले आणि पॅटिओच्या कठड्यावर केळीच्या पानावर ठेवला. पान देशी ग्रोसरीचं, फ्रोझन.

“काकू, तिकडे ठेवलाय ना पिंड,” बायको म्हणाली.

“तिकडे ठेवलाय, इथेही असू दे. आत्म्याला व्हिसा लागत नाही.”

त्या मागे सरल्या न सरल्या तोच एक काळा पक्षी आला आणि अर्धा गोळा घेऊन शेजारच्यांच्या छपरावर जाऊन बसला. ना नवस, ना विनवणी. चँडलरच्या प्रत्येक पार्किंग लॉटमध्ये हे पक्षी असतात, फ्रेंच फ्राइजवर जगतात. काकूंचे हात जोडायला वर गेले आणि अर्ध्यावर थांबले.

“हा आपला नाही. शेपटी बघा केवढी! झाडूच जणू.”

“इट्स अ ग्रॅकल,” माझी मुलगी दारातून म्हणाली. “इट्स नॉट इव्हन अ क्रो, आजी.”

“मग नाही चालायचं,” काकू म्हणाल्या आणि उरलेला अर्धा गोळा त्यांनी हातानं झाकला.

तेवढ्यात ताईचं ते ओरडणं आलं. घाटावर ऊन तापायला लागलं होतं. गुरुजी दर्भ काढून बसले होते. खरा कावळा शिवला नाही तर दर्भाचा करून लावतात, आणि मग ताईला जन्मभर वाटत राहिलं असतं की आई अडकून गेली. मला ताईचा चेहरा दिसत होता. दहा दिवसांत ती आईसारखी दिसायला लागली होती.

“मी येतो म्हण! एवढंच म्हण!”

मी फोन हातात घेतला. बायको माझ्याकडे बघत होती, काकू बघत होत्या. छपरावरचा तो लांब शेपटीचा भातखाऊसुद्धा बघत होता.

“आई,” मी म्हटलं, “ऐक. नॉर्वेमध्ये...”

आणि मी त्याला वर आणायला लागलो. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात कमी थापांची गोष्ट असेल. पाणी गुडघ्यावरून मांडीपर्यंत आलं होतं. एक मेणबत्ती विझली. त्यानं दुसरी टोपीला लावली आणि पहिल्या शिडीला हात घातला. गाय नाही, बादली नाही, पाद्र्याची बायको नाही. शिडीचे दांडे थंडीनं चिकट झालेले, हाताची कातडी धरून ठेवणारे. एक शिडी संपली की फळी, फळीवर दम घ्यायचा, पुढची शिडी. तो म्हाताराही नव्हता आणि तरुणही नव्हता. मी त्याला घाई केली नाही. चढू दे त्याला, असं आईच म्हणायची. पाण्याचा आवाज खाली राहिला. कुठंतरी वरून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज यायला लागला. म्हणजे कुणीतरी चाकावरचा बर्फ फोडत होतं. ताईचा चेहरा स्क्रीनवर होता, डोळे बाभळीकडे. तिचे ओठ पुटपुटल्यासारखे हलत होते. बाकी सगळे गप्प होते, असे गप्प मी त्यांना लग्नातल्या मंगलाष्टकांतही पाहिलं नव्हतं. मला वाटलं, ऐकतायत.

उजेडाचा चतकोर तुकडा वर दिसायला लागला, आणि कावळा उतरला.

सरळ उतरला. इकडे-तिकडे नाही, वाटोळं नाही. पिंडावर बसला, चोच घातली, घास घेतला. लोकांचे हात वर गेले, भाऊजींचा अंगठा सगळ्या स्क्रीनवर पसरला, मग आकाश, मग कुणाचीतरी चप्पल, आणि कॉल बंद पडला.

नॉर्वेवाला शिडीवर होता. थोड्याच शिड्या राहिल्या होत्या. मी फोन परत केचपच्या बाटलीला टेकवून ठेवला.

“शिवला?” काकूंनी विचारलं.

“शिवला.”

“चला, सुटल्या,” म्हणून काकूंनी उरलेल्या भातावरचा हात काढला. छपरावरचा पक्षी लगेच आला.

पुढच्या दोन-तीन दिवसांत मी काय केलं असेल ते सांगायला नको. जो भेटेल त्याला मी तो कावळा सांगितला. ग्रोसरीत सांगितला, ऑफिसच्या लिफ्टमध्ये अमेरिकन माणसाला सांगितला, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांच्या शपथा झाल्या, नवस झाले, कावळा ढिम्म. आणि मी इकडे चँडलरमधून गोष्ट काढली आणि तिकडे नागपुरात तो उतरला. शनिवारपर्यंत कावळा घारीएवढा झाला होता, रविवारी त्यानं उतरण्याआधी माझ्याकडे, म्हणजे फोनकडे, बघून मान हलवली. मराठी मंडळातला एक जण म्हणाला, “यार, तुझ्या थापांना कावळेसुद्धा फसतात.” सगळे हसले. मीही हसलो. हसताना गाल आपला नसल्यासारखाच होता.

तेराव्याला ताईला फोन केला. तिकडे जेवणाच्या पंगती उठल्या होत्या, मागे भांड्यांचा आवाज होता. ती दमलेली होती. कोण कोण आलं होतं ते तिनं सांगितलं, वांग्याची भाजी कमी पडली ते सांगितलं. मी मुद्द्यावर आलो.

“ताई, तो वर कुठवर आला होता गं? कावळा शिवला तेव्हा मी कुठं होतो? उजेड दिसला म्हणालो होतो की त्याच्या आधीच?”

“कोण वर आला होता?”

“नॉर्वेवाला. मी बोलत होतो ना.”

तिनं कुणाला तरी पातेली आत न्यायला सांगितली.

“तुझं काही ऐकू आलं नाही रे आम्हाला. तू नॉर्वे म्हणालास आणि ह्यांनी तुझा आवाज बंद केला. गुरुजी वैतागले होते.”

“मग तू काय बोलत होतीस? तुझे ओठ हलत होते.”

“आईला सांगितलं, तो काही येत नाही, तू वाट बघू नकोस,” ताई म्हणाली. “मग शिवला.”